हाताच्या पाठीवरचं नाव

माझ्या नातीनं पहिला शब्द काढला तेव्हा ती नऊ महिन्यांची होती, आणि तो तिनं तोंड न उघडता काढला. उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा आत घेतला आणि ती मूठ हवेत दोनदा खाली ओढली. शेळीची धार काढतात तशी. माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते पाहिलं, हसली, आणि दुधाची वाटी घेऊन आली.

मी समोरच फरशीवर चित्रांची पुस्तकं मांडून बसले होते. गेले चार दिवस मी त्या लेकराला 'दूध' म्हणायला शिकवत होते. ओठांचा चंबू करून, गाल फुगवून, मान हलवून. ती माझ्याकडं अशी बघायची जशी आठवडी बाजारात लोकं दोरीवर चालणाऱ्या पोरीकडं बघतात. कौतुकानं, पण आपण तसं करावं असं काही मनात न आणता.

लेक आणि जावई, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. लातूरला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. जावई एका छापखान्यात कामाला आहे. लेकीला मूल उशिरा झालं, आणि लेकराचे कान चांगले निघाले. ते कळलं तशी मी नांदेडहून पिशवी भरून निघाले. बाराखडीचा तक्ता, दोन खुळखुळे, सहा पुस्तकं. लोहा, अहमदपूर करत एसटीत बसले होते आणि मनात एकच घोकत होते, घरात कुणी बोलणारं नाही, मग लेकरू बोलायला शिकणार कुणाकडून? माझ्याकडून. दुसरं कोण आहे!

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. त्यातली पुष्कळ हिमायतनगर तालुक्यात. पोरांच्या तोंडातून 'न्हाई' काढून तिथं 'नाही' बसवण्यात माझी उमर गेली. पोरं वर्गात 'नाही बाई' म्हणायची आणि सुट्टीची घंटा झाली की फाटकाबाहेर पाय टाकायच्या आत 'न्हाई बे' म्हणत पळायची. यावरून काही शिकावं, इतकी अक्कल मला नव्हती. चष्मा मात्र होता.

तर ती मूठ. लेकराची ती मूठ बघितली आणि माझं 'दूध' तोंडातच राहिलं. कारण ती मूठ मी आधी पाहिली होती. पस्तीसेक वर्षांपूर्वी, माझ्याच घरात. ती माझ्या सासूची मूठ होती.

*

माझी सासू देगलूरकडची. तिला मी आत्याबाई म्हणायची. ती मला 'मास्तरीनबाई' म्हणायची, आणि त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला अक्षरओळख नव्हती. बोलण्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच ताटात वाढलेलं. मी पुस्तकी बाई, मला त्या ताटाची शिसारी यायची. आमचे हे म्हणजे तिचा धाकटा लेक. ते वीज मंडळात होते. आई आणि बायको यांच्या मध्ये कुणी उभं राहायचं झालं की त्यांची लाइन नेमकी कुठंतरी फॉल्ट झालेली असायची.

लेक दीड वर्षाची झाली तरी बोलेना. शेजारणी म्हणाल्या, राघूनं टोचलेला पेरू चारा. कुणी म्हणाल्या, वेखंड उगाळून जिभेला लावा. मी म्हणायची, मुलं उशिरा बोलतात, माझ्या वर्गात असली कितीतरी आहेत. लेक माझ्या ओठांकडं टक लावून बघायची, मी म्हणेन ते करायची. मी अभिमानानं सांगायची, बघा, किती लक्ष देऊन ऐकते.

एक दिवस लेक अंगणात पाठ करून मातीत खेळत होती. आत्याबाईनं पितळी परात उचलली, लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि परात दगडावर सोडली. शेळी दावं तोडून पळाली. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या. लेक मातीत खेळत राहिली.

"मास्तरीनबाई," आत्याबाई म्हणाली, "लेकरू मुकं न्हाई. लेकराला आयकूच येत न्हाई."

मी तिच्यावर ओरडले. परात चेपली म्हणून.

त्यानंतर मी दवाखान्यांच्या चकरा सुरू केल्या आणि आत्याबाईनं बोलणं सुरू केलं. मी तपासण्या, कागद, छातीवर पट्ट्यानं बांधायचं डबीएवढं ऐकायचं यंत्र यांत गुंतले. तोवर चुलीपुढं त्या दोघींचं काहीतरी चालू झालं होतं. मूठ खाली ओढली की दूध. तळव्यावर तळवा थापला की भाकर. ओंजळ करून ओठाला लावली की पाणी. बोटं मिटून दोन्ही हात समोर फाकवले की दार, म्हणजे बाहेर, म्हणजे गेलं. आणि माणसांना नावं. नवरा म्हणजे मिशीला पीळ. शेजारीण म्हणजे नाकात नथ. आत्याबाई स्वतः म्हणजे डोक्यावर ओढलेला पदर. मी म्हणजे दोन डोळ्यांवर दोन गोल, चष्मा.

एका वर्षात लेक सगळं बोलायला लागली. अगदी सगळं. मी शाळेतून आले की माझ्या पदराला ओढून सांगायची, शेळीनं नथवालीचं लुगडं खाल्लं, नथवाली भांडली, पदरवाली हसली. मला त्यातलं निम्मं कळायचं, आणि जेवढं कळायचं तेवढी लाज वाटायची. माझी पोर, मराठीच्या मास्तरीनची पोर, माकडासारखे हात करते. हा शब्द माझा आहे. दुसऱ्या कुणी वापरला असता तर मी त्याला सोडलं नसतं.

मग गावातल्या एका केंद्रात दर गुरुवारी एक बाई यायला लागल्या. बोलायला शिकवणाऱ्या. बाई चांगल्या होत्या, जीव तोडून शिकवायच्या, आणि तेव्हा जे खरं मानलं जायचं तेच सांगायच्या. मेणबत्तीपुढं लेकीला बसवायचं. 'प' म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. गळ्यावर हात ठेवायचा, 'ग' म्हटलं की आत थरथरलं पाहिजे. आरसा, कागदाची पट्टी, पीस. आणि घरी एकच नियम. हातवारे बंद. हात चालले की जीभ आळशी होते.

मला नियम मिळाला! माझ्यासारख्या बाईच्या हाती नियम देणं म्हणजे काय, ते विचारा माझ्या विद्यार्थ्यांना. दुसऱ्याच दिवशी मी शाळेतली फूटपट्टी घरी आणली. लेकीचा हात उठला की हाताच्या पाठीवर पट्टी. लागेल इतक्या जोरानं नाही हो, नुसतं कळेल इतकी. पट्टी उगारणारं प्रत्येक माणूस हेच सांगतं. आत्याबाईलाही ताकीद दिली. ती म्हणाली, "बरं बाई, तू शिकलेली." आणि माझी पाठ वळली की पुन्हा चालू.

*

तो मे महिन्याचा दिवस होता. माझी सुट्टी चालू होती. लेक चार वर्षांची. दुपारी बाहेरून खेळून आली, लाल झालेली, आणि माझ्यापुढं ओंजळ करून ओठाला लावली.

मी पेला भरला, हातात धरला आणि म्हणाले, "पाणी. म्हण, पा-णी."

ती ओंजळ दाखवत राहिली. मी पट्टी दाखवली. ओंजळ सुटली. "पा-णी." तिनं ओठ मिटून उघडले, आवाज आला तो 'प'सुद्धा नव्हता, नुसता वारा. "पुन्हा." गुरुवारच्या बाई म्हणाल्या होत्या, गरज असली की मूल बोलतं, घाईनं देऊ नका. मी म्हटलं, आज गरज आहे, आज येणार. मला खरंच आनंद होत होता, हे लिहायला हवं. मला वाटत होतं, आता दोन मिनिटांत माझी लेक पहिला शब्द बोलणार आणि मी तो वहीत लिहिणार. वही शेजारीच ठेवली होती.

किती वेळ गेला ते मी सांगत नाही. पुष्कळ गेला. लेकीनं रडणं थांबवलं आणि भिंतीला टेकून बसली. तेव्हा आत्याबाई आतून आली, माझ्या हातातला पेला घेतला आणि लेकीच्या तोंडाला लावला. लेक गटागटा प्यायली, माझ्याकडं बघत.

"काय करून राहिली तू?" आत्याबाई म्हणाली. "तहान काय तोंडानं लागती व्हय? लेकरानं मागितलं ना. तुला समजलं ना. मग अजून काय पायजे?"

मी जे बोलले ते शुद्ध मराठीत बोलले. अडाणी, आडमुठी, माझ्या मुलीचं वाटोळं करणारी, असे शब्द होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना सांगितलं, आईला देगलूरला मोठ्या भावाकडं पोचवून या, ती इथं आहे तोवर पोर बोलायची नाही. यांची लाइन त्या दिवशी फॉल्ट झाली नाही. आत्याबाईनं गाठोडं बांधलं. जाताना लेकीच्या डोक्यावर स्वतःचा पदर टाकून तिला आत घेतलं आणि बराच वेळ दोघी त्या पदराच्या आत काहीतरी करत होत्या. काय बोलल्या, मला दिसलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस लेक माझ्यापुढं येऊन डोक्यावरून पदर ओढल्यासारखं करायची आणि दोन्ही हात फाकवायची. पदर, दार. पदर, दार. पदरवाली कुठं गेली? मला अक्षर न् अक्षर समजत होतं. मी म्हणायची, "तोंडानं विचार."

आत्याबाई सहा-सात महिन्यांनी तिकडंच वारली. हे जाऊन आले. मी लेकीला आरशापुढं बसवलं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि सांगितलं, "आजी गेली." तिनं माझे ओठ पाहिले आणि म्हणाली, "गेली." इतकं स्वच्छ, की गुरुवारच्या बाईंनी पाठ थोपटली. मी यांना बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. "गेली." मी वहीत लिहिलं. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तिला वाटलं, हा आजचा शब्द आहे. संध्याकाळी ती पुन्हा माझ्यापुढं आली आणि पदर, दार केलं. मी पट्टी उचलली नाही, एवढंच. उत्तरही दिलं नाही.

*

पुढं सगळं नियमाप्रमाणं झालं. लेक चाळीसेक शब्द बोलायला शिकली. ते मला समजतात, यांना समजायचे, बाहेर कुणाला समजत नाहीत. सातव्या वर्षी कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेत गेली, आणि तिथं वर्गाबाहेर सगळ्या पोरींचे हात चालायचे. सुट्टीत घरी आली की हात मांडीखाली ठेवून बसायची. मी म्हणायची, किती शांत झालीय माझी पोर!

लग्न तिनं स्वतः ठरवलं. मोबाइल आले तशी आम्ही मेसेजवर बोलायला लागलो. ती लिहायची, ते तिच्या पद्धतीचं मराठी, शब्द मागंपुढं झालेले. मी आधी तिचंच वाक्य दुरुस्त करून परत पाठवायची, मग उत्तर द्यायची. तिला वाईट वाटू नये म्हणून पुढं एक फूलही लावायची. हळूहळू तिचे मेसेज आखूड झाले. 'हो.' 'बरं.' 'जेवले.' यांत चूक काढायला जागा नसते. मला वाटलं, सुधारली.

हे वारले. मग तर बोलायला माझ्याकडंही कुणी उरलं नाही.

आणि मग नातीनं ती मूठ ओढली. आत्याबाईची धार. माझ्या लेकीनं ती एवढी वर्षं कुठं ठेवली होती, माझ्या पट्टीपासून लपवून, वसतिगृहातून, लग्नातून सांभाळून आणली होती, आणि पहिल्या घासाबरोबर आपल्या लेकराला दिली होती. त्या दिवशी मी बाराखडीचा तक्ता गुंडाळून ठेवला. शहाणपणानं नव्हे. बसायला जमेना म्हणून.

तेव्हापासून तीन वर्षं मी नांदेड-लातूर करतेय. महिन्यातले आठ-दहा दिवस इथं. नातीला बोलणं शिकवायला कुणाचीच गरज पडली नाही. हातांचं तिनं आईबापाकडून उचललं, तोंडाचं खाली किराणा दुकान चालवणाऱ्या काकूंकडून. कपाळाला विभूतीची बोटं ओढलेल्या त्या काकू गल्ल्यावर बसून दिवसभर बोलतात आणि नात पोत्यावर बसून दिवसभर ऐकते. तिचा पहिला तोंडी शब्द 'हाव' होता, म्हणजे आपलं 'हो'. दुसरा 'न्हाई'. एकतीस वर्षांच्या नोकरीचं हे मला पेन्शन.

पडली तर ती लगेच रडत नाही. उठते, आई जिथं आहे तिथं जाते, आईच्या नजरेसमोर उभी राहते, आणि मग तोंड उघडते. आवाज जेमतेम निघतो, चेहरा मात्र सगळा रडतो. काकूंच्या दुकानात पडली की जागच्या जागी भोंगा लावते. कुणासमोर कसं रडायचं हे दीड वर्षाच्या लेकराला कळलं होतं. मी तिच्या आईला चार वर्षांची असताना भिंतीला टेकून गप्प बसायला लावलं होतं.

परवाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नात आता चार वर्षांची होत आलीय. लेक परातीत पीठ मळत होती. नात मला सगळ्यांची नावं शिकवत होती.

"बाबा." तिनं बोटांची टोकं एकमेकांवर चोळली. शाई.

"काकू." दोन तळवे वरखाली. तराजू.

"मी." गालाला बोट टोचलं. तिला खळी आहे.

"आणि मी?" मी म्हणाले. म्हणताना माझे हात आपोआप डोळ्यांकडं चालले होते, दोन गोल करायला.

नातीनं डावा हात पुढं धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवर फाडकन मारली.

"हे काय?"

"आजी." तिनं पुन्हा मारलं. "हे तूच."

"चष्मा नाही?"

"चष्मा कुणाचा? न्हाई गं. आई आसंच म्हनती. 'फोन आला, कुणाचा?' आजीचा." फाडकन. "'उद्या कोण येनार?' आजी." फाडकन. हसत होती. तिला ते नाव आवडतं, त्यात आवाज आहे.

मी वर पाहिलं. लेक आमच्याकडं बघत होती, हात पिठात. तिनं नजर खाली घेतली आणि पीठ मळत राहिली, मळून झालेलं पीठ. मग हात धुऊन, फोन घेऊन, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मला मेसेज लिहिला. 'नाव जुना आहे. लहान होते तेव्हाचा. आता राग नाही.'

मी पहिल्यांदा काही दुरुस्त न करता वाचलं.

राग नाही, हे खरंच असणार. ती खोटं बोलत नाही, तेवढे शब्द मी तिला शिकवलेच नाहीत. कुणी कुणाला नाव देतं तेव्हा त्या माणसाचं जे सगळ्यात आधी दिसतं ते धरतं. काकूंचा तराजू, बापाची शाई. मी चष्मा घालते, मी लांब वेणी घालायची, मी गाणी म्हणायची. तिला सगळ्यात आधी जे दिसलं ते तिनं धरलं.

मला नाव बदलून नको होतं. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, जी मी तिला तेव्हा सांगितली नाही. पदरवाली कुठं गेली. तीन वेळा फोनवर लिहिली आणि तीन वेळा पुसली. लिहिलेल्या मराठीत मी घरची मालकीण आणि ती दारातली पाहुणी. मालकिणीनं गादीवर बसून माफी मागायची, हे मला बरं दिसेना. तोंडानं सांगावं, तर 'गेली' हा शब्द तोंडानंच सांगितला होता. राहता राहिले हात.

म्हणून मी नातीकडं शिकवणी लावली. लेकीला कळू न देता. आज 'पाठवणं' विचार, उद्या 'समजणं'. माझी बोटं आता संधिवातानं आखडलीत. अंगठा आत जात नाही, करंगळी सरळ होत नाही. नात माझी करंगळी धरून ओढायची.

"आसं न्हाई गं आजी! लई घान करून राहिलीस."

"दुखतंय माय."

"दुखू दे. परत कर."

हे कुठून आलं तिच्यात, ते सांगायला नको. रक्त जागेवर जातं.

*

मागच्या गुरुवारी जावई कामावर, नात खाली दुकानात. लेकीनं कुकर लावला आणि येऊन माझ्यासमोर बसली, लसूण सोलायला. मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं वर पाहिलं.

मी पदर डोक्यावर ओढला. तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली. पस्तीस वर्षांत आमच्या दोघींमध्ये हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

मग मी माझं नाव घेतलं. स्वतःकडं बोट दाखवून भागलं असतं. पण मी डावा हात पुढं धरला आणि त्यावर उजव्याची दोन बोटं मारली. पदरवालीला हिनं पाठवलं. ती आपण होऊन गेली नाही. तू विचारायचीस, हिला समजायचं. हिनं सांगितलं नाही. पदरवाली तिकडं मेली.

लेकीनं लसूण खाली ठेवला. पुढं वाकली आणि माझा उजवा हात धरला. मला वाटलं, झालं, आता मला जवळ घेईल. तिनं माझी करंगळी सरळ केली, मनगट वळवलं आणि हात सोडला. 'पाठवणं' माझं चुकलं होतं. पुन्हा, असं तिनं हनुवटीनं सांगितलं.

मी पुन्हा केलं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा करंगळी. मी तिसऱ्यांदा केलं. बोटं जळत होती. तिच्या चेहऱ्यावर काही सूड नव्हता. तिला खरंच नीट समजून घ्यायचं होतं, एवढी वर्षं थांबलेल्या वाक्यात तिला चूक नको होती. तिसऱ्या वेळी तिला समजलं. ते मला दिसलं, कारण ती एकदम भिंतीला टेकली. त्या दुपारी टेकली होती तशीच.

मग तिनं ओंजळ केली आणि ओठाला लावली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पदर ओढला. दोन्ही हात फाकवले.

पाणी. मी. पदरवाली. गेली.

हे सगळे आत्याबाईचेच शब्द होते, मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मी पाणी प्यायले म्हणून ती गेली. न बोलता पाणी प्यायले, म्हणून. चार वर्षांची असताना तिनं हे ठरवलं होतं आणि चाळिशीपर्यंत बाळगलं होतं. मी तिचे हात बंद करून ठेवले होते, त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं आणि खोडून काढायलाही.

मी हात हलवला, नाही. नाही, नाही. एवढा एकच शब्द मला धड येत होता. तो मी किती वेळ करत राहिले कोण जाणे, आणि ती बघत राहिली. तिला पटलं का, ते मला सांगता येणार नाही. खोडलेलं अक्षर पाटीवरून जातं, इतक्या वर्षांनी दगडावरून जातं का?

माझं नाव तिनं बदललं नाही. मी विचारलंही नाही. मी कालपर्यंत त्याच नावाची होते, उद्याही असेन. ती उठली, लसणाची ताटली घेऊन आत गेली आणि पाठमोरी उभी राहिली, खिडकीकडं तोंड करून. खांदे हलत होते. आवाज नव्हता, आणि चेहरा तिनं मला दाखवला नाही.

कुकरची शिट्टी झाली. एरवी शिट्ट्या नात मोजते आणि आईपुढं जाऊन बोटं दाखवते. नात खाली होती. मी उठले, गुडघे धरत स्वयंपाकघरात गेले, खिडकीच्या बाजूनं वळसा घालून लेकीच्या समोर उभी राहिले आणि एक बोट वर केलं.

तिनं डोळे पुसले. बोटाकडं पाहिलं. मग हात पुढं करून माझं ते वाकडं बोट धरलं आणि सरळ केलं.

आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, दुसऱ्या शिट्टीची वाट बघत.